गळती आणि विलंब

घरास आग लागली असता माणूस धावतो. धाव म्हणून त्याला कोणी सांगावे लागत नाही. ज्वाळाच त्याला हाकलीत असतात. पाण्याची गोष्ट निराळी आहे. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राखाली, ओट्यावर वाटीभर पाणी साचलेले दिसते. गृहिणी ते फडक्याने टिपून घेते. संध्याकाळी पुन्हा वाटीभर. रात्री जेवताना विषय निघतो आणि घरातील कर्ता पुरुष म्हणतो, "पाहू उद्या." या 'उद्या'चा नैतिक विचार आम्हांस येथे करावयाचा आहे. विषय नळकारागिराचा आहे, धर्मगुरूचा नव्हे, असे काही वाचकांना वाटेल. परंतु शेजाऱ्याशेजाऱ्यांतील जी भांडणे आमच्यापर्यंत येतात, त्यांतील बरीच छताच्या एका पिवळ्या डागापासून सुरू झालेली असतात, हा आमचा अनुभव आहे.

आपल्या भाषेत पाण्याच्या पळवाटांना किती शब्द आहेत पाहा. पाणी ठिबकते, पाझरते, झिरपते, ओघळते, निथळते आणि गळते. या प्रत्येकाची गती निराळी, आवाज निराळा. कौलांच्या छपराखाली पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या माणसांची ही शब्दसंपत्ती आहे. वसईच्या वाडीतील जुन्या घरात पाणी बाहेरून यावयाचे आणि वरून यावयाचे. त्याचा महिना ठरलेला असे. म्हणून मृगापूर्वी शाकारणी होई, फुटकी कौले बदलली जात, आणि तरीही कोठे गळू लागले तर त्याखाली घंगाळ ठेवले जाई. खाली दुसऱ्या कोणाचे घर नव्हते. खाली जमीन होती, आणि ती पाणी पिऊन टाकीत असे.

आज आपल्यापैकी अनेकांच्या पायाखाली जमीन नाही. शेजाऱ्याचे छत आहे. आणि पाणी आता आकाशातून येण्याची वाट पाहत नाही. ते गच्चीवरील टाकीतून नळाने उतरून आपल्या यंत्रांच्या दाराशी रात्रंदिवस ताटकळत उभे असते. टाकीपासून दहा मीटर खाली आले की चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो इतका त्याचा दाब होतो. वॉशिंग मशीनची रबरी नळी काही वर्षांनी कडक होते, तिच्या टोकाशी भेग पडते. शुद्धीकरण यंत्राच्या गाळणीचे प्लास्टिकचे भांडे तडकते. मशीन बंद असले तरी तिच्यामागचा नळ सहसा उघडाच असतो, कारण हात तेथवर पोहोचत नाही. नळी सुटली तर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज वाहते, म्हणजे तासाभरात पाचशे लिटरच्या आसपास. हा झाला मोठा अपघात. लहान अपघातही हिशेबाने लहान नसतो. सेकंदाला एक थेंब पडतो असे धरले आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर मानला, तर दिवसाला चार लिटरांहून अधिक पाणी होते. हे चार लिटर कोठे गेले, हा प्रश्न आपण विचारीत नाही, कारण फरशी कोरडी दिसते. ते फरशीच्या सांध्यांतून खाली गेलेले असते.

पाण्याने होणाऱ्या हानीचे वैशिष्ट्य असे की ती घड्याळाप्रमाणे चालते. पहिल्या काही तासांत बहुतेक सर्व काही परत मिळण्याजोगे असते. फरशी पुसता येते, गादी उन्हात टाकता येते, भिजलेले कागद सुटे करून वाळवता येतात. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत वस्तू कोरडी झाली तर बहुधा बुरशी धरत नाही. त्यापुढे ती धरू लागते, आणि कपाटाच्या पाठीमागे, जेथे डोळा जात नाही तेथे, आधी धरते. भुश्यापासून दाबून केलेल्या फळ्यांचे फर्निचर एकदा फुगले की पूर्ववत होत नाही. भिंतीच्या रंगाला फोड येतात, मग पोपडे निघतात. ओल महिनोन् महिने राहिली तर स्लॅबमधील लोखंडी सळया गंजतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने तो भोवतालच्या काँक्रीटला आतून फोडतो आणि एखाद्या दुपारी गिलाव्याचा तुकडा खाली पडतो. समुद्राजवळच्या आपल्या गावांत हे अधिक लवकर घडते. पावसाळ्यात तर खिडक्या उघडून ओल जात नाही, कारण बाहेरची हवाच ओली असते. तेव्हा खिडक्या लावून पंखा आणि असल्यास एसी चालवणे हेच शहाणपणाचे. त्या एसीची पाणी वाहून नेणारी नळी तुंबलेली असली तर मात्र नवीन गळती सुरू होईल, हेही ध्यानी ठेवावे.

येथे त्वरेचा प्रश्न येतो. त्वरा म्हणजे धांदल नव्हे. साचलेल्या पाण्यात उभे राहून मशीनचे बटण बंद करू पाहणे ही त्वरा नसून आत्मघात आहे. प्रथम घराचा मुख्य वीजप्रवाह तोडावा, आणि त्या खटक्यापर्यंत जाण्यास पाण्यातूनच जावे लागत असेल तर जाऊ नये. पहारेकऱ्याला हाक मारून इमारतीच्या मीटरपाशी प्रवाह तोडवावा. मग पाणी बंद करावे. मग उरलेले सारे. हे तीन वाक्यांत सांगता येते, पण आम्ही जेव्हा धर्मग्रामातील घरांना भेटी देतो आणि सहज विचारतो, की तुमच्या घरात येणारे पाणी कोठे बंद करता येते, तेव्हा उत्तर बहुधा "ह्यांना ठाऊक आहे" असे मिळते. 'हे' त्या वेळी चर्चगेटला असतात. घरात असते ती आजी, आणि सकाळी दोन तास येणारी मोलकरीण. ज्ञान एका ठिकाणी आणि प्रसंग दुसऱ्या ठिकाणी, अशी ही व्यवस्था आहे. आमच्या मते कुटुंबातील पहिला हलगर्जीपणा येथे आहे. नळी फुटण्याच्या फार पूर्वी तो घडून गेलेला असतो.

संत थॉमस ॲक्वायनस यांनी तेराव्या शतकात लिहिलेल्या 'सुम्मा' या ग्रंथात विवेक या सद्गुणाची चर्चा करताना तत्परतेला त्याचाच एक अंश मानले आहे. तत्परतेसाठी असलेल्या लॅटिन शब्दाची फोड त्यांनी सेव्हिलच्या संत इसिदोर यांच्याकडून घेतली: चतुर आणि शीघ्र असे दोन शब्द मिळून तो झाला, अशी. आजचे भाषातज्ज्ञ ही फोड मान्य करतील किंवा न करतील. विचार मात्र खरा आहे. आपल्या 'दक्ष' या शब्दातही हीच जोडी आहे. संस्कृतात दक्ष म्हणजे कुशल, मराठीत दक्ष म्हणजे सावध. जो नुसता कुशल आहे पण वेळेवर जागा नाही, त्याला आपण दक्ष म्हणत नाही. त्याच ठिकाणी संत थॉमस ॲरिस्टॉटलचा आधार घेतात: सल्लामसलत सावकाश करावी, परंतु ठरले ते त्वरेने करावे. आपल्या घरांत नेमके उलट घडते. कंपनीची चूक की कारागिराची, हमीची मुदत संपली की नाही, पैसे कोण देणार, यांची चर्चा आपण अत्यंत त्वरेने सुरू करतो आणि नळ सावकाश बंद करतो.

आमच्या पाहण्यातील एका इमारतीची हकिकत येथे सांगणे आवश्यक वाटते. नावे अर्थातच देत नाही. सप्टेंबरातल्या एका सकाळी वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडात वॉशिंग मशीनची नळी सुटली. घरातील गृहस्थ रजेवर होते. त्यांनी काही क्षणांत वीज तोडली, नळ बंद केला, मुलांना हाताशी घेतले आणि अर्ध्या तासात सारे घर पुसून काढले. दुपारपर्यंत पंखे लावून फरशी अशी वाळवली की कोणास संशय येऊ नये. त्वरेचा हा नमुनाच म्हणावा. खालच्या मजल्यावर एक विधवा आई आणि तिची नोकरी करणारी मुलगी राहत असत. त्यांच्या छतावर त्या दिवशी डाग दिसला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. स्लॅबमध्ये विजेच्या तारांसाठी गाडलेल्या नळ्या असतात. पाण्याला त्या सापडल्या की ते त्यांतून आडवे प्रवास करते आणि गळतीच्या बरोबर खाली न उतरता भलत्याच खोलीत उतरते. येथे ते स्वयंपाकघराबाहेरील माळ्यावर उतरले. माळा वर्षातून एकदा उघडला जातो, कारण त्यावर नाताळच्या गोठ्याचे साहित्य असते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलीने खोके खाली घेतले तेव्हा पुठ्ठा हातात राहिला आणि मूर्ती जमिनीवर पडल्या. प्लास्टरच्या त्या मूर्ती आधीच भुसभुशीत झालेल्या होत्या. त्याचे फारसे वाईट वाटण्याचे कारण नाही. मूर्ती बाजारात मिळतात. खोक्याखाली आईच्या लग्नाचा फोटोंचा अल्बम होता. पाने एकमेकांना चिकटून, बुरशी धरून, पुन्हा वाळून त्याचा एक ठोकळा झाला होता. मुलीने हलकेच एक पान सोडवले तो चेहऱ्यांचा रंग समोरच्या प्लास्टिकवर निघून आला. वडिलांचे लग्नातील दुसरे छायाचित्र त्या घरात नव्हते.

छायाचित्रांची माहिती असणारे सांगतात, की भिजलेले फोटो ओले असतानाच स्वच्छ थंड पाण्यात ठेवून एकेक सुटे करता येतात आणि सावलीत चेहरा वर करून वाळवता येतात. चिकटून वाळल्यानंतर ते फारच कठीण होते. म्हणजे त्या सप्टेंबरच्या सकाळी, अथवा दुसऱ्या दिवशीही, कोणी माळा उघडला असता तर ते लग्न वाचले असते. माळा उघडावयाचा तर उघडण्याचे कारण ठाऊक हवे. ते कारण वरच्या मजल्यावर ठाऊक होते.

वरच्या गृहस्थांना हे कळले तेव्हा ते मनापासून हळहळले. रंगकामाचा आणि खोक्यांचा खर्च त्यांनी न मागता दिला. "पण आम्ही तर अर्ध्या तासात सगळे पुसून काढले होते," असे ते पुन्हा पुन्हा म्हणत, आणि ते अगदी खरे होते. त्यांनी आपल्या घराच्या बाबतीत काहीही कमी केले नव्हते. दोन मजल्यांमधला जिना वीस पायऱ्यांचा. तेवढा उतरण्याचे मात्र त्यांच्या मनात आले नाही, किंवा आले आणि राहिले. आम्ही त्याचा शोध घेतला नाही.

आता प्रश्न असा: या गृहस्थांचे नेमके काय चुकले? नळी सुटली ती त्यांच्या दोषाने नव्हे. ती जुनी नव्हती आणि नीट बसवलेली होती असे आपण धरून चालू. खाली पाणी उतरल्याचे त्यांनी पाहिले नव्हते. त्यांनी काही लपविले असेही म्हणता येत नाही, कारण कोणी काही विचारलेच नव्हते. तरीही खालच्या घरातील हानीत त्यांचा वाटा आहे असे आपल्याला वाटते, आणि तसे वाटणे आमच्या मते योग्य आहे. पाण्याला स्लॅब ओलांडण्यास वेळ लागतो. त्या वेळात वरच्याला ठाऊक असते आणि खालच्याला नसते. दोन शेजाऱ्यांमध्ये हे जे असमान ज्ञान काही तास किंवा काही दिवस असते, ते वरच्या माणसाच्या हाती असलेली दुसऱ्याची वस्तू आहे असे समजावे. एखाद्याचे पत्र चुकून आपल्या पेटीत पडले तर ते फोडले नाही, फाडले नाही, एवढ्याने आपण सुटत नाही. ते त्याला द्यावे लागते, आणि आजच द्यावे लागते, कारण त्यात काय तारीख आहे ते आपल्याला ठाऊक नसते. शिवाय त्या गाडलेल्या नळ्यांत जिवंत तारा असतात. खालच्या घरातील कोणी ओल्या हाताने दिवा लावणार असेल, तर ही बातमी रंगकामापुरती राहत नाही.

परतफेडीच्या प्रकरणात संत थॉमस यांनी एक स्वतंत्र प्रश्न उपस्थित केला आहे: परतफेड तत्काळ केली पाहिजे, की ती लांबणीवर टाकता येते? त्यांचे उत्तर असे, की दुसऱ्याचे अन्यायाने घेणे हे जसे न्यायाविरुद्ध, तसेच त्याच्या इच्छेविरुद्ध ठेवून घेणेही. म्हणून परतफेड लगेच केली पाहिजे. आणि लगेच करणे शक्य नसेल तर? तर ज्याचे देणे आहे त्याच्याकडे मुदत मागितली पाहिजे. सेमिनरीत असताना हे उपवाक्य आम्ही परीक्षेपुरते वाचले. त्याचे मोल पुढे धर्मग्रामात कळले. मुदत ही ज्याची हानी होते आहे त्याची मालमत्ता आहे. ती आपली आपण मंजूर करून घेण्याची सोय नाही. कारागीर सोमवारखेरीज येणार नाही, ही अडचण खरी असू शकते, पण शनिवारी खाली जाऊन "सोमवारपर्यंत चालेल का?" असे विचारणे आणि काहीही न सांगता सोमवारची वाट पाहणे, यांत नीतीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. गळती दोन्ही वेळा तेवढीच होते.

न्यायालयेही याच वाटेने गेलेली दिसतात. 1913 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलसमोर ऑस्ट्रेलियातील एक खटला आला. मेलबर्नच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावरील हात धुण्याचे भांडे कोणीतरी मुद्दाम तुंबवून नळ सोडून दिला होता, आणि खाली दुसऱ्या मजल्यावर एका व्यापाऱ्याचा शालेय पुस्तकांचा साठा भिजला. निर्णय असा झाला, की घरात नळाचे पाणी असणे ही नित्याची गोष्ट आहे. अज्ञात माणसाच्या दुष्टपणाबद्दल, स्वतःचा हलगर्जीपणा नसताना, इमारतीचा ताबा असणारा जबाबदार नाही. म्हणजे केवळ पाणी तुमच्याकडून आले एवढ्यावर कायदा तुम्हांला धरत नाही. दुसरा खटला आम्हां धर्मगुरूंना अधिक बोचणारा आहे. लंडनजवळ मिल हिल येथे मिशनरी धर्मगुरूंच्या एका संस्थेची जमीन होती. 1934 मध्ये स्थानिक शासनाच्या माणसांनी संस्थेला न विचारता तेथील चरात एक नळ टाकला, आणि पालापाचोळा अडवणारी जाळी भलत्याच जागी, नळाच्या तोंडावर, ठेवली. हे काम संस्थेचे नव्हते. पण चर साफ करणाऱ्या धर्मबंधूंना ते दिसत होते. सुमारे तीन वर्षे तसेच चालले; 1937 मध्ये मोठा पाऊस पडला, नळ तुंबला आणि पाणी शेजाऱ्याच्या जागेत शिरले. 1940 मध्ये ब्रिटिश उमराव सभेने संस्थेला जबाबदार धरले. दुसऱ्याने निर्माण केलेला उपद्रव आपल्याला ठाऊक असून, तो दूर करण्यास पुरेसा काळ मिळूनही जो स्वस्थ बसतो, तो स्वतःच तो उपद्रव चालू ठेवतो, असा त्या निर्णयाचा आशय आहे. नळ परक्याने टाकला होता. तीन वर्षे संस्थेची होती.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही घरातील न्हाणीघर, सिंक इत्यादींमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीची दुरुस्ती संबंधित सदस्याने स्वखर्चाने करावी असेच आहे. परंतु उपविधी खर्चाचा प्रश्न सोडवतात. वेळेचा सोडवत नाहीत.

लोक खाली का जात नाहीत? सर्वच दुष्ट नसतात, बहुतेक तर नसतातच. एक कारण असे सांगितले जाते, की खाली जाऊन बोलणे म्हणजे दोष कबूल करणे, आणि एकदा कबूल केले की खालचा माणूस दहा वर्षांपूर्वीचे डागही आपल्याच माथी मारील. ही भीती सर्वस्वी निराधार नाही. पण सूचना आणि कबुली या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पापनिवेदन ऐकण्यासाठी वर्षानुवर्षे बसणाऱ्या आमच्यासारख्यांना त्यांतील फरक चांगलाच परिचयाचा आहे. "आमच्याकडे सकाळी पाणी सांडले होते, जरा छताकडे आणि माळ्यावर लक्ष ठेवा, दिवे लावण्याआधी एकदा पाहून घ्या," या वाक्यात कोणताही दोष कबूल केलेला नाही. दोषाचा निवाडा महिनाभराने झाला तरी चालतो. दोषाच्या भीतीने सूचनाच थांबवणे म्हणजे न्यायाधीश येईपर्यंत जखम उघडी ठेवण्यासारखे आहे.

दुसरे कारण अधिक खोल आहे, आणि त्याचा विचार आपल्या कुटुंबांनी गंभीरपणे करावा असे आम्हांस वाटते. दुपारी घरात एकटी असणारी मोलकरीण मशीनमागे पाणी पाहते. ती ते पुसते आणि गप्प बसते. का? कारण गेल्या वेळी काचेचे भांडे फुटले तेव्हा तिचे पैसे कापले गेले होते. लहान मुलगा मशीनच्या नळीला धक्का देतो आणि अभ्यासाला जाऊन बसतो, कारण मागे त्याने खरे सांगितले तेव्हा त्याला आधी मार मिळाला आणि मग त्याचे ऐकून घेतले गेले. अशा घरात गळती नेहमीच उशिरा कळते. तो उशीर मोलकरणीच्या किंवा मुलाच्या खाती मांडता येईल का? आमच्या मते नाही. ज्यांनी खरे बोलणे महाग केले त्यांच्या खाती तो मांडला पाहिजे. वीज, नळ, कारागिराचा दूरध्वनी क्रमांक, हे सारे तयार असूनही, "पाणी दिसले तर मला ताबडतोब सांग, मी रागावणार नाही" हे वाक्य ज्या घरात आधी बोलून ठेवलेले नाही आणि पाळले गेलेले नाही, तेथे त्वरा संभवत नाही.

खालच्या मजल्यावरील माणसाचीही बाजू पाहिली पाहिजे. तो नेहमी निष्पाप असतो असे नाही. छतावर डाग दिसताच वर जाऊन घंटी वाजवावी, हे सरळ आहे. पण काही जण डाग वाढू देतात. रोज त्याचा फोटो काढतात, तारीख टाकतात, आणि आठवडाभराने इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर सर्वांच्या देखत तो पुरावा मांडतात. वरच्याला आपल्या शुद्धीकरण यंत्राच्या मागे काही गळते आहे याची कल्पनाही नसते, कारण त्याची फरशी कोरडी असते. या प्रसंगी ठाऊक असणारा खालचा आहे आणि अनभिज्ञ वरचा. म्हणून जे आम्ही वरच्याविषयी म्हटले ते सारे आता खालच्याला लागू होते. 1872 च्या भारतीय करार कायद्यातही, हानी मोजताना ती टाळण्याचे कोणते उपाय हाताशी होते हे विचारात घ्यावे, असे स्पष्टीकरण आहे. पुरावा हवा असेल, विमा असेल, तर पहिल्याच दिवशी दोन फोटो काढावेत, भिजून खराब झालेल्या वस्तूचा एखादा तुकडा राखून ठेवावा आणि पुसावयास लागावे. निरीक्षक येईपर्यंत ओल जपून ठेवण्याची गरज नसते.

बंद घरांचा प्रश्न आपल्या समाजात विशेष आहे. वसईत काय आणि गोव्यात काय, आखातात, कॅनडात किंवा अन्यत्र नोकरीसाठी गेलेल्यांची कुलुपबंद बिऱ्हाडे प्रत्येक इमारतीत आहेत. दोन वर्षे कोणी राहत नाही, पण नळांत पाणी आहे. तेथे नळी फुटली तर पाण्याला ना कोणी पाहणारा, ना पुसणारा. खालच्याने छताकडे पाहत परदेशी फोन लावावा, तिकडे मध्यरात्र असावी. जाताना पाण्याचा मुख्य नळ बंद करणे हा मिनिटाचा उपाय आहे. त्याहून अवघड उपाय म्हणजे शेजाऱ्याकडे किल्ली ठेवणे. भावाभावांत वाटणीचा वाद असला की किल्ली भावाकडेही ठेवली जात नाही, हे आम्ही जाणून आहोत. पण ज्याच्या छतावर आपण आपले पाणी साठवून निघून जातो, त्याच्यावर किल्लीपुरता विश्वास ठेवता येत नसेल, तर त्याने आपल्यावर कोणता विश्वास ठेवावा? किल्ली लिफाफ्यात घालून, तोंड चिकटवून, त्यावर सही करून संस्थेच्या सचिवांकडे ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती चांगली आहे. फार प्रेमळ नाही, पण चांगली आहे.

पवित्र शास्त्रात ओल आणि बुरशी धरलेल्या घराविषयी एक संपूर्ण विधी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. लेवीयच्या चौदाव्या अध्यायात तो सापडतो. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस खड्डे दिसले की घरधन्याने स्वतः जाऊन याजकाला सांगावयाचे. अमुक झालेच आहे असे नव्हे. मला काही तरी दिसते आहे, एवढेच. याजक येऊन पाहण्यापूर्वी घरातील सामान बाहेर काढावयाचे, म्हणजे घर अशुद्ध ठरले तरी वस्तू वाचतात. निवाड्याआधी वस्तू वाचवण्याचा हा क्रम आम्हांस फार उमदा वाटतो. खालच्या त्या मुलीसाठी कोणी तो पाळला नाही. मग घर सात दिवस बंद ठेवावयाचे आणि सातव्या दिवशी याजकाने परत यावयाचे. डाग पसरला असेल तर ते दगड काढून, गिलावा खरवडून, नवे दगड आणि नवा गिलावा लावावयाचा. त्यानंतरही याजकाने पुन्हा येऊन पाहावयाचे.

हे परत येणे आजच्या जिन्यावर कसे दिसेल, याचा आम्ही विचार करतो. पाणी सांडले त्या दिवशी वरचा माणूस खाली गेला, सांगून आला. खालच्यांनी छत पाहिले, काही नव्हते, "असू द्या हो" म्हणाले. येथे बहुतेक जण प्रकरण संपले असे मानतात. पण पाणी अजून स्लॅबमध्ये आहे. आठवड्याने पुन्हा खाली जावे, स्टूल मागून घ्यावे, आणि छताच्या गिलाव्यावर बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. जेथे तो सुटला असेल तेथे पोकळ आवाज येतो. माळाही त्यांच्यासमक्ष उघडून घ्यावा, आणि खोकी मागेपर्यंत ओढून त्यांचे तळ चाचपून पाहावेत.